पहाटे पाच पन्नास

अफसाना माझ्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठी.

आम्ही दोघी अकोल्याच्या एकाच सरकारी दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर जन्मलो. साल एकोणऐंशी, दिवस कोजागिरीचा. ती फजरच्या अजानीसोबत आली, आणि दवाखान्याच्या दारात दूधवाल्याने सायकल टेकवली तेव्हा मी. हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या अम्मीने सांगितलं, आणि अफसानाने मला रोज सांगितलं. झोक्यावर पहिली पाळी तिची, चिंचेचं मोठं बुटूक तिचं. "थोरली आहो मी. चाळीस मिनिट पयले दुनिया पाह्यली. तुले काय समजते?"

भुलाबाईच्या दिवसांत ती आमच्या ओसरीवर सगळ्यांत पुढे बसायची. गाणी संपली की खिरापत. ज्या घरची पाळी, त्या घरची पोर झाकणाचा डबा घेऊन यायची, तो कानाशी हलवायची, आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं: फुटाणे? मुरमुरे? रेवड्या? अफसाना कधी हरायची नाही. एकच नियम होता. डबा आणणारीने सगळ्यांच्या आधी झाकण उघडायचं नाही. तिच्याच घरचा डबा, तिच्याच आईने भरलेला, पण तिलासुद्धा ठाऊक नसायचं आत काय आहे.

*डबा वाजतो वाजतो, आत काय गं साजणी,*
*जिनं वाहून आणला, तीच राहिली अजाणी.*

हा डबा पुढे लागणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

माझे वडील वसंत जोशी, म्हणजे नाना. पत्रिका काढणारे. बार्शीटाकळीपासून दर्यापूरपर्यंतची माणसं आमच्या जुन्या शहरातल्या घराच्या पायऱ्या चढायची. बी पेरायच्या आधी, विहिरीला हात घालायच्या आधी, पोरीला दाखवायच्या आधी. नानांनी सांगितलं म्हणजे झालं. नाना कोणाला खोटी आशा लावत नसत. "गणित खोटं बोलत नाही, माणूस बोलते," हे त्यांचं वाक्य लोक घरी जाऊन एकमेकांना सांगायचे. मधली काही वर्षं अशी आली की पत्रिकेत ऐंशी वर्षं आयुष्य लिहिलेले धडधाकट शेतकरी चाळिशीत जायला लागले, आणि कसे गेले ते कोणी मोठ्याने बोलत नसे. तेव्हापासून नानांनी आयुष्याचा रकाना लिहिणंच सोडलं. मला वाटलं, किती प्रामाणिक माणूस.

आई दोन हजार एक साली गेली, आणि त्याच वर्षी नानांच्या उजव्या हातात कापरं शिरलं. आधी चहाची बशी वाजायची. मग रेघ वाकडी व्हायला लागली. पट्टी धरूनसुद्धा पत्रिकेची घरं अशी यायची, जशी पाण्यात पडलेली सावली. तेव्हा मी बावीस वर्षांची. गणितात पदवी झालेली. मी त्यांची लेखणी हातात घेतली. ग्रहांचे अंश मी काढायची, घरं मी आखायची, अक्षर माझं, सही तेवढी नानांची.

सगळ्यांच्या पत्रिका मी काढल्या. माझी सोडून. "आपल्या हातानं आपली पत्रिका मांडू नये, लली," नाना म्हणायचे, "आणि पाहूही नये. लेकीची पत्रिका बापानंच काढावी." माझी पत्रिका लाल कापडात, देव्हाऱ्याच्या फळीवर असायची. स्थळ आलं की नाना ती घेऊन दार लोटून बसायचे, त्या कापऱ्या हाताने तासभर नक्कल करायचे आणि पाकीट चिकटवून पाठवायचे. मी बाहेर बसून कापसाच्या वाती वळायची आणि मनात म्हणायची, बघ, जगाचं काम माझ्याकडून घेतात, पण माझं काम मात्र आपल्या हाताने करतात. किती जीव लावतात.

सात स्थळं आली. सातही परत गेली. मला कडक मंगळ होता.

*

दोन हजार सात-आठची ती वर्षं भारनियमनाची. दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास लाईन नसायची. घरात संगणक होता, पण पत्रिका विचारायला आलेला माणूस बारा वाजता यायचा आणि वीज चार वाजता. शिवाय नानांना ना कळफलक जमायचा, ना माऊस. कापऱ्या बोटाखाली एक अक्षर पाच-पाच वेळा उमटायचं. 'मेष'चा 'मममममेष' व्हायचा.

आणि माझ्या मनात एकच होतं. मी गेल्यावर नानांचं कसं व्हायचं? सातांनी नाकारलं तरी आठवा कोणी हो म्हणेल, ही आशा मी सोडली नव्हती. त्या आशेच्या पोटातच ही काळजी होती.

अफसाना तेव्हा टिळक रोडवर तिच्या भावाच्या मोबाईल दुकानात मागच्या बाजूला बसायची. नवऱ्याच्या दुकानात ती डाग द्यायला शिकली होती. पुढे नवरा सोडला. "मेहेर घेतली नाही मी," ती सांगायची, "सोल्डरिंग गन घेतली. मेहेर संपते." एक दिवस तिने ड्रॉवरमधून एक काळं, चकचकीत, तळहाताहून थोडं लांब यंत्र काढलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. तिच्या मामेभावाने जिद्दाहून पोराच्या खेळासाठी आणलं होतं. पोराने आपटलं, आता हे भंगारात चाललं होतं.

"हे गेम खेळाचं आहे," मी म्हटलं.

"लोकायसाठी. आत पाह्यलं तर हा पुरा कम्प्युटर आहे. कंपनीनं कुलूप लावलं, की खेळाशिवाय दुसरं काही करू नये म्हणून. दुनियेत रिकामटेकडे काय कमी आहेत? त्यायनं किल्ली काढली." तिने एक बटण दाबून धरलं. पडद्यावर खेळ आला नाही. तिथे संगणकासारखंच टेबल आलं. फायलींचे पिवळे खोके, वही, गणनयंत्र, घड्याळ. बाण सरकत होता. "चार तास बॅटरी चालते. बटणं जाडी आहेत. अन् हे पाह्य." तिने आपला अंगठा मुद्दाम थरथरवत बटणावर ठेवला. बाण एकच घर सरकला. "एकदा दाबलं की एकदाच. मंग हात किती का कापेना."

मला रडू आलं. "रडू नको, ओलं झालं तर शॉर्ट होते," ती म्हणाली.

आठ महिने लागले. गणित माझं, यंत्र तिचं. मी ग्रहांची कोष्टकं वहीत मांडून द्यायची, अफसाना ती यंत्राच्या भाषेत बसवायची. यंत्राला देवनागरी कळत नव्हती, म्हणून तिने प्रत्येक अक्षराचं बारीकसं चित्र काढलं. क, का, कि, की. "तुमच्या वेलांट्यांनी जीव घेतला माझा, आमचं उर्दू बरं," असं म्हणत तिनेच साडेतीनशे चित्रं काढली. पंचांग बसलं. पत्रिकेची बारा घरं बसली. लिहायला वही बसली. यंत्र सुरू केल्याबरोबर सगळ्यांत आधी एक कोरं पान उघडायचं, तिथे हवं ते लिहून ठेवता यायचं. अफसानाने तिथे लिहिलं होतं: 'नाना, चष्मा लावा.'

आणि एक ताकीद. "हे इंटरनेटले लावून नवीन काही मांगलं तर हो म्हणायचं नाही. नवं शिकलं की जुनं विसरते हे. कंपनी पुन्हा कुलूप लावते."

नाना आधी हसले. "पोट्ट्यायच्या खेळण्यात नवग्रह बसवले व्हय तुम्ही?" पण आठवड्यात शिकले. पोथीच्या पाटावर यंत्र, दोन्ही हातांचे अंगठे बटणांवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बार्शीटाकळीचे पुंजाजी दर पंधरवड्याला कोणाची ना कोणाची पत्रिका घेऊन यायचे. ते तोंड उघडं टाकून पाहत राहायचे. "गुरुजी, ह्याच्यात शनी दिसते का? दिसला तर म्हणा, आमच्या गावातून उठ आता."

*

आठवं स्थळ अमरावतीचं होतं. अद्वैत, चौतीस वर्षांचा, एका कॉलेजात ग्रंथपाल. तो आणि त्याची आई सिंधूताई आमच्याकडे आले तेव्हा लाईन गेलेली होती. बोलणं अडलं की त्याची नजर पाटावरच्या यंत्राकडे जायची. शेवटी त्याने विचारलं, मी दाखवलं. पत्रिकेसाठी येणाऱ्यांपैकी एक जण हसला होता, एकाने विचारलं होतं की याच्यात क्रिकेट आहे का. अद्वैतने बटणं हळूच दाबली, बारा घरं उमटलेली पाहिली, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे तुम्ही गेल्यावर गुरुजींना एकट्याला जमावं म्हणून केलं ना?"

हे मी अफसानाशिवाय कोणाशीच बोलले नव्हते.

निघताना सिंधूताई म्हणाल्या, "मुलगी आवडली. मुलाचे वडील अकाली गेले, म्हणून मी मंगळाचं तेवढं पाहते. पत्रिका पाठवा, गुरुजी. तुमच्या हातची असली म्हणजे मला दुसरीकडे दाखवायचीही गरज नाही."

"पाठवतो," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन दुकानात गेले. एक बटण अडकत होतं. अफसानाने ते उघडून पुसलं, बसवलं, आणि चाचणीसाठी एक जन्म टाकला. तिच्यासाठी जन्म म्हणजे नुसता जन्म. कोणी आपला मांडावा, कोणी मांडू नये, हे तिला कोण शिकवणार? तिने स्वतःचा टाकला. मग म्हणाली, "थोरलीचं झालं, आता धाकटी," आणि मी नको म्हणेपर्यंत तारीख, गाव, तिच्या पाच दहात चाळीस मिनिटं मिळवून पाच पन्नास. बारा घरं उमटली.

मी पाहायचं नव्हतं. पण सात वर्षं ज्याने ती घरं आखली त्याचा डोळा चुकत नाही. पूर्वेला उगवती रास कन्या. मंगळ कर्केत, म्हणजे अकराव्या घरात. अकराव्यातला मंगळ कोणाला नडत नाही. तो लाभाचा.

"यंत्र चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं असंल," अफसाना म्हणाली. "मूळचं जपानचं आहे. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं." तिने घड्याळ तपासलं. ते अकोल्याचंच होतं. मी घरून नानांच्या जुन्या गठ्ठ्यातल्या दहा पत्रिका आणल्या, त्यांच्या ठणठणीत हाताच्या काळातल्या. एकेक जन्म टाकला. दहाच्या दहा जुळल्या, अंशासकट.

अफसानाने दहाही पत्रिका एकावर एक नीट रचून माझ्याकडे सरकवल्या. 

दुपारी नाना कोणाच्या तरी वास्तूला गेले होते. मी स्टुलावर चढले आणि लाल कापड सोडलं.

जन्मवेळ: पहाटे चार पन्नास. उगवती रास सिंह. मंगळ बाराव्या घरात, कडक.

एक तास. एकाच्या जागी दुसरा आकडा. मी स्वतःला समजावलं: माणूस आहे, चुकला असेल. मुलगी झाली त्या गडबडीत चुकला असेल. मग मी कागद उजेडाला धरला. कागद पांढरा होता. गठ्ठ्यातले एकोणऐंशीचे सगळे कागद पिकल्या पानासारखे झालेले. आणि त्याच्यावरच्या रेघा...

माझ्या जन्माच्या वेळी नानांचा हात दगडासारखा स्थिर होता. दहा पत्रिका साक्षीला होत्या. ही पत्रिका कापऱ्या हाताने काढलेली होती. ही नक्कल नव्हती. नक्कल पाकिटातून जायची. हे मूळ होतं. आई गेल्यानंतर, हात गेल्यानंतर, मी लेखणी धरल्यानंतर केव्हातरी दार लोटून बनवलेलं मूळ.

*माझ्या बापाच्या हाताला थरथर पिंपळाची,*
*त्यानं त्याच हातानं रेघ ओढली कपाळाची.*

नईमाखाला, अफसानाची अम्मी, संध्याकाळी गहू निवडत बसली होती. मी नुसतं विचारलं, खाला, मी कधी झाले? ती हसली. "काहून वं, थोरलेपण पायजे का आता? अजान झाली, ही भवानी झाली. मंग मले चहा आला, पिऊन झाला. तुझी माय तवा बी कण्हून राहिली होती. खिडकीत उजेड आला अन् तू आली. तुझा बाप दारात उभा. हातात घड्याळ. म्हणे, पाच पन्नास, पाच पन्नास. तीनदा म्हणे. जसा कोणी ते हिसकून नेईल."

*

मी भांडले नाही. मला त्यांना एक संधी द्यायची होती, आणि मला वाटतं, ती मी मलाच देत होते.

सकाळी नाना पाटावर बसले. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. "नाना, बटण नीट केलं. एक जन्म टाकून पाहा. पाच ऑक्टोबर एकोणऐंशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तारीख टाकली. गाव टाकलं. वेळेच्या रकान्याशी अंगठा थांबला. ओसरीवर चिमण्या भांडत होत्या. मग अंगठा चालला. तास: एक, दोन, तीन, चार. मी मनात म्हणत होते, एकदा अजून, नाना. एकदाच अजून दाबा. एकदा दाबलं की एकच घर सरकतं, हात किती का कापेना.

ते चारावर थांबले. मिनिटं पन्नास. बारा घरं उमटली.

"पाह्य," ते म्हणाले. "मंगळ."

त्यांचा अंगठा त्या वेळी कापत नव्हता.

"नाना, अफसाना थोरली ना?"

चष्म्याच्या आड त्यांचे डोळे एकदम म्हातारे झाले. यंत्र मांडीवर ठेवलं. बराच वेळ धोतराची कड नीट करत राहिले.

"एक वरीस म्हटलं होतं," शेवटी म्हणाले. "तुझी माय गेली. हात गेला. पहिलं स्थळ आलं तवा वाटलं, एकच वरीस राहू दे हिले. मंग पाठवतो. मंग दुसरं आलं. तवा बी म्हटलं, एक वरीस. आता एकाले चार पन्नास सांगितलं, दुसऱ्याले पाच पन्नास कसं सांगू? गावोगाव पाकिटं गेलेली."

"मी आठ महिने हे बनवून राहिली होती, नाना. तुमच्यासाठी."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर भेव वाटत होतं."

मी एकच गोष्ट मागितली. सिंधूताईंना खरं लिहा. तुमच्या हाताने, कारण त्या तुमच्याच हाताला मानतात. मोठं काही नको; लेकीची वेळ पाच पन्नास, मंगळ नाही, माझी चूक झाली. तीन ओळी. नाना म्हणाले, "माझं नाव जाईन वं लली. पन्नास वर्षाचं." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "लिहितो. जा, चहा ठेव."

दार लोटून ते तासभर लिहीत होते. पाकीट चिकटवून, वर गंधाचं बोट लावून माझ्या हातात दिलं. "तूच नेऊन दे. टपालाचा भरवसा नाही."

अफसाना बसस्टँडवर सोडायला आली होती. पाकीट पाहून तिने हात पुढे केला. "उघड."

"बापाचं पाकीट आहे."

"लली, उघड म्हणते. वाफेवर उघडू, पुन्हा चिकटवू. कोणाले समजते?"

"सील फोडलेलं त्या मानणार नाहीत. आणि तोंडावर कबूल केलंय त्यांनी, अफसाना."

"थोरली आहो म्हणून सांगून राहिली," ती म्हणाली. पण मी मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची बस पकडली. पदराच्या गाठीत यंत्र होतं, पर्समध्ये पाकीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याइतकंच राहून पिवळं पडलेलं. मी पाकीट दोनदा कानाशी नेलं. कागदाचा काय आवाज येणार?

अंबापेठेतलं त्यांचं घर. अद्वैतने दार उघडलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही, म्हणून इथे लिहीतही नाही. सिंधूताईंनी पाणी दिलं, चहा दिला, मग चष्मा पुसून पाकीट फोडलं. मनातल्या मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग कागद माझ्यासमोर ठेवला.

'स. न. वि. वि. चि. ललिता हिची जन्मवेळ नक्की सांगता येत नाही. काही जण पाच पन्नास म्हणतात. माझ्या टिपणात चार पन्नास आहे. मंगळाविषयी मी खात्री देऊ शकत नाही. मुलगी गुणी आहे. निर्णय आपला आपण घ्यावा. आपला, वसंत जोशी.'

काही जण. माझी मेलेली आई, नईमाखाला, दूधवाला, ती अजान. आणि दारात घड्याळ घेऊन उभा असलेला, तीनदा पाच पन्नास म्हणणारा तो तरुण माणूस. हे सगळे काही जण.

"खोटं आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे खरी आहे." मी गाठ सोडली, यंत्र काढलं, सुरू केलं, तारीख टाकायला लागले.  सिंधूताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मऊ हात होता. "राहू दे, बाळा. तू खोटी नाहीस. पण त्यांच्या लेखी शब्दापुढे मी या खेळण्याचं कसं ऐकू? माझं माणूस एकदा गेलंय."

अद्वैत म्हणाला, "आई, मला मंगळ नाही पाहायचा." एवढंच. तो आणखी काही म्हणेल म्हणून मी थोडा वेळ थांबले. तो कपाच्या कानाशी बोट फिरवत बसला. मग मी उठले.

परतीच्या बसमध्ये मला राग येत नव्हता. रागाला कोणाचा तरी आधार लागतो. मला राहून राहून एवढंच वाटत होतं की तो हात, ज्याच्यासाठी मी माझी सात वर्षं झिजवली, तो थरथरत असताना तर मी त्याला ओळखत होते. स्थिर झाला तेव्हा तो कोणाचा होता?

*

अफसानाने दुकानात यंत्र घेतलं, पुसलं. "हे ठेवून घे," ती म्हणाली. "तुझं आहे. त्यायले वाकड्या रेघा ओढू दे."

"नाही," मी म्हटलं. "त्यांना लागेल. मी तुझ्याकडे राहायला येऊन राहिली. खालाला विचार."

"विचारायचं काय त्यात. मी थोरली आहो." मग आवाज चोरून म्हणाली, "काम बी आहे. पत्रिका काय फक्त तुझ्या बापालेच जमते का?"

"त्याआधी एक करून दे. सुरुवातीचं पान. ते 'चष्मा लावा' काढ. मी सांगते ते लिही. आणि त्यांना पुसता येणार नाही असं कर."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी गेले. यंत्र पूर्ण चार्ज करून पाटावर ठेवलं. नाना म्हणाले, "काय म्हणे अमरावती?" मी म्हटलं, "तुम्ही लिहिलं तेच म्हणे." त्यांनी मान खाली घातली. मी पत्र्याच्या पेटीत माझ्या दोन साड्या, आईचा तांब्या आणि गणिताची वही भरली.  मला वाटतं, नाना काही बोलले असते तर मी थांबले असते. इतकीच माझी हिंमत होती.

मी पायऱ्यांवर चपला घालत होते तेवढ्यात पुंजाजी आले. "कुठं निघाली वं बाई?" असं विचारत आत गेले, आणि पाटासमोर बसले. भाचीची पत्रिका होती. लाईन नव्हती. नानांनी यंत्र उचललं, बटण दाबून धरलं, जसं मी शिकवलं होतं तसं.

पुंजाजींना कुठलंही अक्षर दिसलं की मोठ्याने वाचायची सवय. म्हातारपणी साक्षर झालेला माणूस, त्याला वाचणं म्हणजे सण. बाहेरून मला त्यांचा आवाज ऐकू आला, एकेक अक्षर चाचपत:

"ल-लि-ता. व-सं-त. जो-शी. पाच ऑक्टोबर एकोणऐंशी. प-हा-टे पाच पन्नास. कन्या. मंगळ ना-ही." ते थांबले. "वा. साफ पत्रिका आहे. कोणाची म्हणा, गुरुजी? आपल्या ललिताबाईची काय? पण तिले तर मंगळ आहे म्हणतात लोकं."

मी एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून उभी राहिले.

पुढच्या पत्रिकेवर जायचं तर एक बटण दाबायचं होतं. एकदाच. ते दाबल्याचा टक्क आवाज मला शंभर आवाजांत ओळखू आला असता. खिरापतीच्या डब्यातल्या फुटाण्यासारखा.

"गुरुजी?" पुंजाजी म्हणाले. "कोणाची आहे?"

मी पेटी उचलली. चौकापर्यंत मी कान मागेच ठेवून चालले. बटणाचा आवाज आला नाही. नानांचाही नाही.